एका फाईलचे दोन मालक

बेळगावात मुख्य कार्यालय आणि खानापूर, नंदगड व निपाणी येथे शाखा असलेल्या एका सौहार्द सहकारी पतसंस्थेच्या सर्व्हरांची देखभाल माझ्याकडे आहे. प्रत्येक शाखेत डेबियन लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणारा एक सर्व्हर असून खातेवहीचा डेटाबेस, पावत्यांची छपाई आणि मुख्य कार्यालयाशी जोडणी ही कामे तो सांभाळतो. डेबियन 11 चा नेहमीचा सुरक्षा-आधार ऑगस्ट 2024 मध्ये संपला आणि पुढची जबाबदारी दीर्घ मुदतीचा आधार देणाऱ्या गटाकडे गेली. त्यानंतर संचालक मंडळाच्या मंजुरीने सर्व सर्व्हर टप्प्याटप्प्याने डेबियन 12 वर न्यायचे आणि त्यापुढचे पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या, वेळच्या वेळी बसवायचे असे ठरले. या कामात माझा बराचसा वेळ पॅच उतरवण्यात किंवा बसवण्यात गेला नाही. एकाच फाईलवर दोघांचा हक्क निघाला की ती कोणाची मानायची, हे ठरवण्यातच तो गेला.

डेबियनमध्ये फायली प्रत्यक्ष जागेवर मांडण्याचे काम डीपीकेजी हा प्रोग्रॅम करतो. ॲप्ट हा त्याच्या वरचा प्रोग्रॅम फक्त कोणती पॅकेजे, म्हणजे सॉफ्टवेअरचे बांधलेले गठ्ठे, कोणत्या क्रमाने आणायची ते पाहतो. कोणती फाईल कोणत्या पॅकेजने आणली याची नोंद डीपीकेजीजवळ असते आणि शेताच्या उताऱ्यावर ज्याचे नाव त्याचा हक्क, तसा त्याचा सारा व्यवहार या नोंदीवर चालतो. नोंदीत जे नाही, त्याची तो दखल घेत नाही. अनेक वर्षे चाललेल्या सर्व्हरवर मात्र नोंदीबाहेरचे हात भरपूर फिरलेले असतात. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन एखादी ओळ बदलून जातो, प्रिंटर दुरुस्त करणारा एखादी फाईल टाकून जातो, आणि कोणी काय केले याचे टिपण कुठेच राहत नाही.

सर्वांना माहीत असलेला कॉन्फ्लिक्ट म्हणजे '/ईटीसी' फोल्डरातल्या सेटिंगच्या फायलींचा. पॅकेजने ज्या फायली 'कॉन्फफाईल' म्हणून जाहीर केलेल्या असतात, त्यांच्या बाबतीत डीपीकेजी तीन गोष्टी ताडून पाहतो: जुन्या पॅकेजबरोबर आलेल्या मूळ फाईलचा ठसा (मजकुरावरून काढलेली खूण; मजकूर बदलला की तीही बदलते), आज डिस्कवर असलेल्या फाईलचा ठसा आणि नव्या पॅकेजातल्या फाईलचा ठसा. आपण फाईलला हात लावलेला नसेल, तर नवी फाईल मुकाट्याने बसते. आपण बदल केला असेल पण पॅकेजवाल्यांनी केला नसेल, तर आपली फाईल तशीच राहते आणि तेव्हाही काही विचारले जात नाही. दोन्ही बाजूंनी बदल झालेला असेल तरच काम थांबते आणि पडद्यावर प्रश्न येतो. आपण फाईल पुसूनच टाकलेली असेल, तर तोही आपला निर्णय समजून डीपीकेजी ती आपणहून परत आणत नाही, ही गोष्ट अनुभवी लोकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

या प्रश्नाच्या मांडणीत एक सापळा आहे. पॅच बसवायला सुरुवात करताना ॲप्ट 'पुढे जायचे का' असे विचारतो आणि तिथे 'वाय' दाबायचे असते. थोड्या वेळाने डीपीकेजीचा प्रश्न येतो तेव्हा त्याच 'वाय'चा अर्थ 'माझी फाईल बाजूला काढा आणि पॅकेजची नवी बसवा' असा होतो. आपली फाईल ठेवायची असेल तर 'एन' दाबावे लागते. नुसते एंटर दाबले तरी आपलीच राहते. खानापूरच्या शाखेत काम चालू असताना सर्व्हरजवळ बसलेल्या रोखपालांचा फोन आला, "सर, ते काहीतरी विचारूलंय बघा. वाय दाबू काय?" त्यांनी आधी विचारले हे बरे झाले, कारण एकदा 'वाय' दाबले म्हणून दुसऱ्यांदाही तेच दाबायला कोणाचाही हात पुढे जाईल. तेव्हापासून शाखेतल्या माणसांना मी एवढेच सांगून ठेवले आहे की प्रश्न लांबलचक असेल आणि त्यात फाईलचे नाव असेल, तर कळफलकाला हात न लावता फोन करावा.

त्या दिवशी प्रश्न आला होता तो 'कप्स-ब्राउझ्ड'च्या सेटिंगबद्दल. नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधणारी ही सेवा 631 क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर (नेटवर्कच्या दारावर) कोणाचेही निरोप स्वीकारत असे आणि छपाईच्या इतर त्रुटींशी सांगड घातल्यास त्यातून सर्व्हरवर परकी कमांड चालवता येत असे, हे सप्टेंबर 2024 मध्ये उघड झाले होते. शाखांमधले प्रिंटर ठरलेले असल्याने ते आपोआप शोधण्याची आम्हाला गरज नव्हती; म्हणून दूरचे प्रिंटर शोधण्याची ती ओळ सर्व ठिकाणी 'नन', म्हणजे 'काहीच नाही', करून टाकली होती. डेबियन 12 कडे जाताना पॅकेजची फाईलही बदललेली आली आणि दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या राहिल्या. अशा वेळी प्रथम 'डी' दाबून फरक वाचावा, हे मी कधीही चुकवत नाही. फरकात आमची एक ओळ होती आणि बाकी बहुतेक स्पष्टीकरणाच्या टिपा होत्या. 'एन' दाबून आमची फाईल ठेवली. पॅकेजची नवी फाईल त्याच फोल्डरात '.डीपीकेजी-डिस्ट' अशी शेपटी लावून बाजूला राहिली आणि नंतर ती शांतपणे वाचून हवे ते घेता आले. 'वाय' दाबले असते तर आमचीच फाईल '.डीपीकेजी-ओल्ड' या नावाने उरली असती. मजकूर दोन्ही वाटांनी वाचतो. मधल्या वेळात सेवा कोणत्या सेटिंगवर चालते, एवढाच फरक पडतो, आणि सुरक्षेच्या सेटिंगच्या बाबतीत तो फरक लहान नाही.

दुरून सर्व्हरमध्ये शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएसएच सेवेची सेटिंग फाईल या नियमात बसत नाही, कारण ती 'यूसीएफ' नावाच्या वेगळ्या साधनाच्या ताब्यात असते. त्याचा मेनू निराळा दिसतो आणि काही वेळा तिन्ही आवृत्त्या एकत्र विणून देण्याचा पर्यायही त्यात असतो. तो पर्याय मी एसएसएचसाठी वापरत नाही. आमच्या ओळी मुख्य फाईलमधून काढून 'एसएसएचडी_कॉन्फिग.डी' या फोल्डरातल्या स्वतंत्र फाईलमध्ये ठेवल्या आणि मुख्य फाईल पॅकेजची आहे तशी स्वीकारली. डेबियनच्या मुख्य फाईलमध्ये त्या फोल्डराचा उल्लेख वरच्या बाजूला असतो आणि एसएसएच पहिली मिळालेली किंमत धरून चालते, त्यामुळे आमचे म्हणणे वरचढ ठरते. सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी 'एसएसएचडी'ला 'टी' पर्याय देऊन सेटिंग तपासणे आणि एक जुनी जोडणी उघडी ठेवणे हे नित्याचेच आहे. पावसाळ्यात खानापूर, नंदगडकडची लाईन केव्हा जाईल याचा भरवसा नसतो आणि डीपीकेजी प्रश्न विचारून थांबलेला असताना जोडणी तुटली तर पॅकेजे अर्धवट अवस्थेत राहतात. म्हणून दुरून करायचे सगळे काम मी 'टीमक्स'मध्ये करतो; जोडणी तुटली तरी तो सर्व्हरवरचे काम चालू ठेवतो, म्हणजे लाईन परत आल्यावर तोच प्रश्न तिथेच वाट पाहत असतो.

दुसऱ्या जातीचा कॉन्फ्लिक्ट फॉन्टमुळे उभा राहिला आणि तो सोडवायला जास्त विचार करावा लागला. आमची ठेव पावती दोन भाषांत निघते: सभासदाला वाचता यावी म्हणून मराठीत आणि सहकार खात्याच्या कामकाजासाठी कन्नडमध्ये. पावती छापणारे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या पॅकेजातच देवनागरी आणि कन्नड फॉन्ट घालून दिले होते. ते फॉन्ट स्वतःच्या फोल्डरात ठेवले असते तर काहीच बिघडले नसते. परंतु त्यातला 'लोहित कन्नड' फॉन्ट त्यांनी डेबियनचे पॅकेज ज्या जागी ठेवते नेमक्या त्याच जागी, त्याच नावाने मांडला होता. डेबियन 12 वर जाताना कन्नड फॉन्टचे डेबियनचे अधिकृत पॅकेज आम्ही यादीत घेतले आणि काम मध्येच थांबले. संदेशाचा आशय असा होता की जी फाईल मांडायची आहे ती दुसऱ्या एका पॅकेजातही आहे, म्हणून तिच्यावर लिहिता येत नाही. इथे 'वाय' की 'एन' असा प्रश्नच नसतो. डीपीकेजी ते पॅकेज मागे घेतो, ॲप्ट त्रुटी दाखवून बाहेर पडतो आणि उरलेली पॅकेजे उलगडलेली पण जुळणी न झालेली अशी लोंबकळत राहतात.

अशा वेळी 'फोर्स-ओव्हरराइट' हा पर्याय वापरा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो चालतो, यात शंका नाही. पण डीपीकेजीच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेत हे जबरदस्तीचे पर्याय जाणकारांसाठीच आहेत आणि परिणाम न समजता वापरल्यास सगळी प्रणाली बिघडू शकते असा इशारा दिलेला आहे, आणि माझा आक्षेप त्याहून साधा आहे: त्या एका वेळेपुरती वाट मोकळी होते, मालकीचा वाद मात्र तसाच राहतो. कंपनीचे पुढचे पॅकेज आले की तीच फाईल पुन्हा तिथेच येऊ पाहणार. म्हणून आधी डीपीकेजीला फाईलचा पूर्ण पत्ता देऊन ती सध्या कोणाच्या नावावर आहे हे विचारले, मग दोन्ही फॉन्टनी छापलेली एकच पावती शेजारी ठेवून पाहिली. चिक्कोडी आणि हुक्केरी ही नावे कन्नडमध्ये लिहिली की दुसरा 'क' पहिल्याच्या खाली ओत्तक्षराच्या रूपात येतो. कंपनीच्या जुन्या फॉन्टमध्ये तो खालच्या रेघेला टेकत होता आणि डेबियनच्या फॉन्टमध्ये नीट सुटा दिसत होता. मराठी भाग देवनागरी फॉन्टवर असल्याने त्यात काही फरक पडायचा नव्हता, तरी 'कऱ्हाड'मधला अर्धा र आणि मराठी वळणाचा 'ल' एकदा भिंगाखाली पाहून घेतला. कन्नडसाठी डेबियनची फाईल ठेवायची हे या कागदावरून ठरले.

निर्णय झाल्यावर 'डीपीकेजी-डायव्हर्ट' वापरले. त्याला सांगता येते की अमुक पत्त्यावरची फाईल अमुक पॅकेजने आणली तर जागेवर बसू दे, आणि बाकी कोणीही आणली तर ती दुसऱ्या पत्त्यावर वळव. पॅकेज म्हणून डेबियनच्या कन्नड फॉन्टचे नाव दिले आणि नाव बदलण्याचा पर्यायही जोडला, त्यामुळे कंपनीची फाईल तत्काळ बाजूला सरकली. बाजूला म्हणजे कुठे, यावर मात्र थोडे थांबावे लागले. बहुतेक ठिकाणी त्याच फोल्डरात शेपटी बदलून फाईल ठेवतात. फॉन्टच्या बाबतीत ते पुरत नाही, कारण फॉन्ट शोधणारी यंत्रणा नावाच्या शेपटीवर अवलंबून न राहता फोल्डरातली फाईल उघडून पाहते आणि एकाच नावाचे दोन फॉन्ट तिला सापडू शकतात. म्हणून वळवलेल्या फाईलसाठी फॉन्टच्या फोल्डरांबाहेर वेगळी जागा केली. त्यानंतर ॲप्टला तुटलेली जोडणी पुरी करायला सांगितले, फॉन्टची यादी नव्याने बांधली आणि थांबलेले सगळे काम कुठलीही जबरदस्ती न करता पार पडले.

या दोन्ही प्रकारांत प्रणाली आपल्याला थांबवते, त्यामुळे त्यांचा त्रास होतो पण नुकसान होत नाही. नुकसान करतो तो तिसरा प्रकार, ज्यात कोणीच काही विचारत नाही. सेटिंगची फाईल म्हणून जाहीर नसलेली, '/यूएसआर' किंवा '/लिब'खालची एखादी पॅकेजची फाईल कोणी हाताने बदलली असेल, तर नवे पॅकेज तिच्यावर सरळ लिहून मोकळे होते. पॅकेजच्या जागी कोणी नुसती कॉपी करून टाकलेली आणि कोणाच्याच नावावर नसलेली फाईलही अशीच जाते. रेड हॅट पद्धतीच्या प्रणालीवरही हेच घडते. फक्त तिथे सेटिंगच्या फायलींबद्दलसुद्धा प्रश्न न विचारता '.आरपीएमन्यू' किंवा '.आरपीएमसेव्ह' अशी प्रत बाजूला टाकली जाते आणि ती पाहायची आठवण आपल्याला ठेवावी लागते.

खानापूरला हे घडून गेले होते. तिथल्या डेटाबेसची माहिती वेगळ्या डिस्कवर आहे आणि ती डिस्क जोडली जाण्याआधी डेटाबेस सुरू होऊ नये, अशी एक ओळ पूर्वीच्या देखभाल कंपनीच्या अभियंत्याने सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीच्या फाईलमध्ये घातली होती. ओळ योग्य होती. जागा चुकीची होती. त्याने '/लिब' खालची पॅकेजची मूळ फाईलच बदलली होती. डेबियन 12 बरोबर पोस्टग्रे या आमच्या डेटाबेसच्या सामाईक पॅकेजची नवी आवृत्ती आली, ओळ नाहीशी झाली आणि त्या दिवशी कोणाच्याही लक्षात आले नाही, कारण कामाच्या शेवटी सर्व्हर पुन्हा सुरू केला तेव्हा डिस्क योगायोगाने वेळेत जोडली गेली. पुढे मुसळधार पावसात वीज बराच वेळ गेली, यूपीएसची बॅटरी उतरली आणि वीज आल्यावर सर्व्हर उठला तेव्हा डिस्कची तपासणी लांबल्यामुळे डेटाबेस आधी सुरू व्हायला गेला आणि पडला. सकाळी शाखा उघडली तेव्हा खाती दिसेनात. डेटा शाबूत होता, डिस्क जोडून डेटाबेस हाताने सुरू केल्यावर कामकाज चालू झाले; परंतु पॅच बसवणे आणि बिघाड दिसणे यांत एवढे अंतर पडल्यामुळे दोन्हींचा संबंध लावायला बराच वेळ गेला. ॲप्टच्या आणि डीपीकेजीच्या नोंदवह्या '/व्हार/लॉग'मध्ये असतात. त्यांत त्या पॅकेजची तारीख सापडली आणि मग निपाणीच्या सर्व्हरवरची, नव्या पॅकेजने अजून न पुसलेली तीच फाईल उघडून पाहिल्यावर हरवलेली ओळ डोळ्यांसमोर आली.

तीच ओळ आता '/ईटीसी/सिस्टिमडी'खाली, त्या सेवेच्या नावाच्या पुरवणी फोल्डरात आहे. 'सिस्टिमसीटीएल एडिट' ही कमांड ती फाईल आपणच योग्य जागी करून देते, मूळ फाईलला हात लागत नाही आणि पॅकेज कितीही वेळा बदलले तरी पुरवणी वाचली जातेच.

या प्रकारानंतर कुठल्याही शाखेत पॅच बसवण्याआधी मी 'डीपीकेजी'ला 'व्ही' पर्याय देऊन सगळ्या पॅकेजांची पडताळणी करतो. उत्तरात फक्त बिघडलेल्या फायली येतात. प्रत्येक ओळीत प्रश्नचिन्हांची रांग आणि त्यात तिसऱ्या जागी 5 हा आकडा असेल, तर त्या फाईलचा ठसा नोंदीशी जुळत नाही. पुढे 'सी' हे अक्षर असेल, तर ती सेटिंगची फाईल आहे. 'सी' असलेल्या ओळींची मला चिंता नसते, त्यांच्याबद्दल प्रणाली स्वतःच विचारील. 'सी' नसलेली प्रत्येक ओळ मात्र मी थांबून वाचतो, कारण ती पुढच्या पॅचमध्ये मुकाट्याने जाणारी फाईल असते. निपाणीच्या यादीत अशी आणखी एक निघाली: छपाईच्या एका स्क्रिप्टमध्ये कोणीतरी कागदाचा आकार हाताने लिहून ठेवला होता. मूळ पॅकेज उतरवून त्यातली फाईल काढली, दोन्हींतला फरक पाहिला आणि आकाराची सेटिंग प्रिंटरच्या स्वतःच्या नोंदीत नेली. कोणाच्याच नावावर नसलेल्या फायली या पडताळणीत येत नाहीत. त्यांच्यासाठी फॉन्ट आणि छपाईच्या फोल्डरांतली प्रत्येक फाईल डीपीकेजीला दाखवून 'ही कोणाची' असे विचारत जावे लागते. काम कंटाळवाणे आहे, पण फोल्डर मोजकेच असतात, आणि जे बेवारस सापडले ते '/यूएसआर/लोकल'मध्ये हलवले, कारण डेबियनची पॅकेजे तिथल्या आपल्या फायलींवर लिहीत नाहीत.

'/ईटीसी'साठी 'ईटीसीकीपर' बसवला आहे. तो पॅच बसण्यापूर्वी आणि बसल्यानंतर फोल्डराची स्थिती गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात नोंदवतो, त्यामुळे गडबडीत चुकीचे अक्षर दाबले गेले तरी आधीचा मजकूर शोधावा लागत नाही. काम संपल्यावर '.डीपीकेजी-डिस्ट', '.डीपीकेजी-ओल्ड' आणि '.यूसीएफ-डिस्ट' या शेपट्यांच्या फायली शोधून, वाचून, निकालात काढल्याशिवाय शाखेचे काम पूर्ण झाले असे मी लिहीत नाही.

रात्री आपोआप बसणाऱ्या सुरक्षा-पॅचबद्दलही सांगायला हवे. डेबियनची ही सोय एखाद्या पॅकेजमुळे सेटिंगचा प्रश्न उभा राहणार असे दिसले, की ते पॅकेज न बसवता बाजूला ठेवते आणि तसे आपल्या नोंदीत लिहिते. हे वागणे योग्यच आहे, पण नोंद कोणी वाचली नाही तर नेमका सुरक्षेचा पॅच कितीही दिवस पडून राहू शकतो. नुसता संवादाचा पर्याय बंद केल्याने हा प्रश्न टळत नाही; डीपीकेजीला 'कॉन्फोल्ड' असे स्पष्ट सांगावे लागते, म्हणजे तो प्रत्येक वेळी जुनीच फाईल ठेवतो. शाखांच्या सर्व्हरवर मी तसे सांगितलेले नाही. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत सुरक्षा-पॅचबरोबर सेटिंगच्या फायली क्वचितच बदलतात. आणि जेव्हा बदलतात तेव्हा त्यामागे काही कारण असते, ते माणसानेच वाचलेले बरे.

फॉन्टची वळवणी अजून कायम आहे. पावतीचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीला आम्ही लेखी कळवले की बाहेरच्या पॅकेजांसाठी '/ऑप्ट' ही जागा राखलेली आहे आणि फॉन्ट तिथल्या आपल्या फोल्डरात ठेवावेत. पुढच्या आवृत्तीत तसे करू, असे त्यांचे उत्तर आहे. ती आवृत्ती आली की क्रम असा ठेवायचा: आधी कंपनीचे नवे पॅकेज बसवायचे, जुन्या पत्त्यावर त्याचा हक्क उरलेला नाही हे डीपीकेजीच्या नोंदीत तपासायचे, आणि मगच वळवणी काढायची. उलट क्रमाने गेल्यास बाजूला ठेवलेली जुनी फाईल मूळ जागी परतू पाहते, तिथे डेबियनची फाईल आधीच बसलेली असते आणि वळवणी काढणारी कमांड तिथेच अडते.